उसना आवाज

बसा, शिवदासराव. खुर्ची जरा आत ओढून घ्या, दारातून वारा येतो आणि कंदील विझतो. आमच्या चकाल्याच्या गावठाणात संध्याकाळी दिवे गेले की कधी येतील याचा नेम नसतो. चहा मिळेल की नाही, तेही आज सांगता येत नाही. माझी बायको लूर्डस तशी माणूसघाणी नाही. पाहुणा दारात दिसला की ती चहा टाकतेच. पण तुम्ही दारात उभं राहून नाव सांगितलंत आणि ती जी आत गेली, ती अजून बाहेर आलेली नाही.

तुमचं म्हणणं मी नीट ऐकलं. पिक्चर लहान आहे, खिसा त्याहून लहान आहे, तेव्हा माझ्या आवाजाचे पैसे पिक्चर विकल्यावर. बाकीची माणसंही आनंदानं थांबली आहेत, असं म्हणालात. आनंदानं थांबलेला माणूस मला या लाइनीत अजून भेटायचा आहे, पण ते असू दे. हो की नाही ते मी सांगेनच. त्याआधी चार वर्षांपूर्वीची एक दुपार ऐका. हो, दुपारच. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी डबिंग थिएटर पाहिलेलं नसतं.

मी काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून तर आलात. लहान पिक्चरचा कॅमेरा एवढा घरघरतो की शूटिंगच्या वेळचा आवाज कामाला येत नाही. मग सगळं बोलणं बंद खोलीत, पडद्याकडे बघत पुन्हा बोलायचं. नटाला वेळ नसेल किंवा त्याचा आवाज फाटका असेल, तर माझ्यासारख्याला बोलावतात. घरी आम्ही आमची, मुंबईच्या मूळ ख्रिस्ती माणसांची, ईस्ट इंडियन बोली बोलतो, पण माइकसमोर मी उभा राहिलो की पुण्याची माणसं विचारतात, तुम्ही कुठल्या पेठेतले? सेबॅस्टियन म्हणून सांगितलं की त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. आवाज पुष्कळांकडे असतो हो. माझी खरी कमाई म्हणजे ओठ वाचणं. कागद चुकतो, लेखक चुकतो, ओठ चुकत नाहीत. पडद्यावरचं तोंड उघडलं की माझं तोंड आपोआप उघडतं, आणि शब्द बरोबर त्या ओठांत जाऊन बसतो. या अंधेरीत तसं करणारा दुसरा कोणी असेल तर त्यानं पुढं यावं.

आता धाकूबद्दल सांगतो.

धाकू मालवणकडचा. लालबागच्या गिरणीत कामाला होता आणि संध्याकाळी कामगारांच्या नाटकात काम करायचा. मोठा संप झाला, गिरणीचं दार त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, तेव्हा तो आणि त्याची बायको रुक्मिणी दहिसरला नदीकाठच्या चाळीत एक खोली घेऊन राहिले. आसपासची बरीच घरं अशीच, गिरणीतून फेकलेली. धाकू मग पिक्चरमध्ये लहानसहान कामं करू लागला. कुठे पाटील, कुठे हवालदार. बोलायच्या आधी तोंडात लवंग ठेवायची त्याची सवय होती. तो खोलीत आला की आधी लवंगेचा वास यायचा आणि मग धाकू.

त्या वर्षी चंद्रप्रकाश नावाच्या एका तरुणानं त्याला मोठी भूमिका दिली. खाडीवर माणसं पलीकडे नेणाऱ्या तरीवाल्याची. चंद्रप्रकाशच दिग्दर्शक आणि चंद्रप्रकाशच निर्माता. शिकलेला, खांद्याला झोळी आणि बोलणं असं गोड की समोरचा पैसे मागायला आलेला माणूस बिडी देऊन परत जाईल. त्याला लाइट उचलायला माणसं हवी होती, कपडे सांभाळायला बाई हवी होती आणि द्यायला पैसे नव्हते. धाकूनं आपल्या चाळीतली माणसं आणली. बाळा, भीमराज, सुंदराबाई, आणखी काही जण. पैसे पिक्चर विकल्यावर, असं ठरलं. ती माणसं चंद्रप्रकाशच्या शब्दावर आली नव्हती. ती धाकूच्या शब्दावर आली होती. तो मला म्हणाला होता, "सेबा, गिरणीन ह्यांका फसवल्यान. मी फसवूचंय नाय."

पिक्चर विकलं गेलं. टीव्हीसाठी. थोडे पैसे आधी मिळाले आणि बाकीचे प्रिंट पोचवल्यावर मिळणार होते. आलेल्या पैशांचं चंद्रप्रकाशनं काय केलं ते त्यालाच माहीत. दहिसरच्या माणसांच्या तोंडाला पानं पुसली एवढं खरं. तेव्हा धाकूनं डबिंग करायला नकार दिला. "आधी माझ्या माणसांचे पैशे. मगे माझो आवाज." एवढंच बोलायचा. अंधेरीच्या त्या डबिंग थिएटरच्या दारापर्यंत यायचा, हे वाक्य बोलायचा आणि परत जायचा.

मी त्याला सांगितलं होतं की हा संप आहे आणि संपाचं काय होतं ते तू पाहिलंस. डबिंगवाल्याचं हत्यार वेगळं असतं. सगळं काम करायचं, माणसाला आपल्या आवाजात अडकवायचं आणि अगदी शेवटच्या तुकड्याला हात वर करायचे. पैसे ठेव, मग बोलतो. तेव्हा निर्मात्याला मागंही जाता येत नाही. धाकूला हे पटलं नाही. त्याला त्यात लबाडी वाटायची. श्रावणात एका सकाळी आंघोळीचं पाणी काढताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. आवाज द्यायचा राहिला तो राहिलाच.

गणपती झाल्यावर चंद्रप्रकाशचा निरोप आला. धाकूच्या तोंडात माझा आवाज हवा होता. मी लगेच हो म्हटलं नाही. दहिसरला गेलो आणि रुक्मिणीला भेटलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सांगितलं की बाळा आणि भीमराज येऊन जातात. काही मागत नाहीत, नुसते उभे राहतात.

"त्यांनी शब्द दिलो, सेबाभाऊ. आता तो माकाच पुरो करूक होयो," ती म्हणाली. "खोली विकतंय. सगळ्यांचे पैशे देवन टाकतंय आणि गावाक जातंय."

"गावाला कोण आहे?"

"कोण नाय," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

मला राग आला. धाकूचा आला, तिचा आला, त्या झोळीवाल्याचा तर आलाच. मी तिला सांगितलं की खोली विकायची नाही, दिवाळीपर्यंत थांब. शेवटचा तुकडा मी बोलणार नाही, तुझ्या माणसांचे पैसे हातात पडल्याशिवाय. तिनं तांदळातला खडा काढून टाकला. मग म्हणाली, "त्यांका इचारल्यात?"

मी हसलो. मेलेल्या माणसाला काय विचारायचं?

तर ती दुपार. घरून माशाची आमटी जेवून निघालो. ऑक्टोबरचं ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अंधेरी पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांत ते थिएटर होतं. बाहेर लेथची खरखर, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि आत दोन दारं ओलांडली की काहीच नाही. भिंतींना गोणपाट, खाली जाड सतरंजी. आपणच खोकलो तरी खोकला तोंडातल्या तोंडात विझतो. रेकॉर्डिंग चालू असताना पंखाही बंद ठेवतात. घाम, ओलसर सतरंजी आणि फिल्म चिकटवायच्या मसाल्याचा वास, एवढंच काय ते आत असतं. काचेपलीकडे अंबादास, आमचा रेकॉर्डिस्ट. जुना माणूस, कामापुरतं बोलणारा. चंद्रप्रकाश त्याच्याशेजारी बसला होता.

तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. डबिंगसाठी पिक्चरचे लहान तुकडे करतात आणि एकेका तुकड्याची दोन टोकं जोडून गोल करतात. त्याला लूप म्हणतात. मशीनवर तो फिरत राहतो. तोच चेहरा, तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. जमेपर्यंत बोलायचं. त्या दुपारी पडद्यावर धाकू होता. खाडीकाठी उभा, डोक्याला फडकं, तरीचा बांबू हातात. कानात फक्त कॅमेऱ्याची घरघर.

पहिले लूप झकास गेले. एकेक, दोन-दोन टेकमध्ये. धाकू बोलायला तोंड उघडायचा आणि माझा आवाज त्याच्यात जाऊन बसायचा. मित्राच्या तोंडात बोलताना बरं वाटत नव्हतं, पण हात बसलेला असला की मनाचं फारसं चालत नाही. मध्ये एकदा मला लवंगेचा वास आला. मला वाटलं अंबादासनं पान खाल्लं असेल.

शेवटचा लूप लागला. धाकूचा चेहरा जवळून. पिक्चरमधल्या पोरीला निरोप देताना म्हणतो, "जा पोरी, भरती चढायच्या आत पलीकडं पोच." सगळं पिक्चर त्या वाक्यावर उभं होतं. मी हेडफोन काढून स्टँडवर ठेवला.

"काय झालं?" चंद्रप्रकाश माइकवरून विचारू लागला.

"पैसे," मी म्हटलं.

तो बाहेर आला, हसत. खिशातून पाकीट काढलं. "तुझं तयार आहे, यार. मी काय तुला ओळखत नाही?"

"माझं शेवटी. आधी दहिसरच्या माणसांचे."

त्याचं हसू गेलं नाही, फक्त पातळ झालं. "त्यांचं प्रिंट पोचल्यावर बघू. सेबा, तू पुढारी कधी झालास?"

"आजच. दुपारी जेवल्यावर."

मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. मला घाई नव्हती. सगळ्या पिक्चरभर धाकूच्या तोंडात माझा आवाज आणि शेवटच्या वाक्याला दुसऱ्याचा, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण चंद्रप्रकाश हट्टाला पेटला. म्हणाला, एका वाक्याचं काय ते, मीच तुझ्यासारखा बोलतो. हेडफोन लावला आणि माइकसमोर उभा राहिला. बोलला. अंबादास काचेमागून म्हणाला, "नाही बसत." पुन्हा बोलला. "नाही बसत." असं कितीतरी वेळ चाललं. मला मजा वाटत होती.

मग अंबादासचा आवाज आला, हलका. "सेबा... तू जरा बघ रे. हे ओठ मघाशी असे नव्हते."

मी उठलो. चंद्रप्रकाशच्या कानावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. कॅमेऱ्याची घरघर येत होती. मी पडद्याकडे पाहिलं. लूप फिरून पुन्हा सुरू झाला, धाकूनं मान वळवली आणि ओठ हलवले. 'जा पोरी' नव्हतं ते. 'प' ला ओठ मिटतात हो, अंधारातही दिसतात. इथं ते भलत्याच जागी मिटत होते.

लूप पुन्हा फिरला. या वेळी त्यानं मान पोरीकडे वळवली नाही. मान समोर वळली, माझ्याकडे. फिल्म तीच, टोकं जोडलेली, मशीनवर गोल फिरणारी... आणि तरी दर फेऱ्याला तो चेहरा थोडा अधिक वळत होता. कानातली घरघर हळूहळू कमी झाली आणि थांबली. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या उकाड्यात माझ्या पाठीवरचा घाम गार झाला. मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण खोड ती खोड. पडद्यावरचं तोंड उघडलं आणि माझं तोंड उघडलं. समोरचे ओठ जे म्हणत होते ते मी म्हणून गेलो, त्याच्याच बोलीत, बरोबर त्याच्या लयीत.

"सेबा... तुझो आवाज दी माका. काम झाला की परत दितंय."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. पडद्यावर धाकूचे ओठ मिटले होते. तो वाट बघत होता. लूप फिरत असावा, पण चेहरा हलत नव्हता. उत्तराची वाट बघणारा माणूस जसा बघतो तसा तो बघत होता, आणि त्या नजरेत धाक नव्हता. मला रुक्मिणीचं बोलणं आठवलं. त्यांका इचारल्यात?

धाकूनं उभ्या आयुष्यात कोणाचं काही बुडवलं नव्हतं. मी म्हटलं, "घे, बाबा."

घशात काहीतरी सैल झालं. दुखलं नाही. जिभेवर लवंगेची चव आली, तिखट, आणि ओठ बधिर झाले. मी अंबादासला लाइट लाव म्हणायला गेलो, तर तोंडातून हवा आली. नुसती हवा.

लाइट लागले. चंद्रप्रकाश मला म्हणाला, "नाटक पुरे कर." त्याला पडद्यावर काहीच वेगळं दिसलं नव्हतं. अंबादासला दिसलं होतं की नाही ते त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही, पण मशीन बंद करताना त्यानं हात जोडले. मी बाहेर आलो. दुपारच चालू होती. समोरच्या गाळ्यात एक माणूस लोखंड घासत होता.

त्यानंतर बरेच दिवस मी मुका होतो. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं, म्हणाला सगळं उत्तम आहे. लूर्डसनं मिठाच्या गुळण्या दिल्या, डोंगरावरच्या चर्चमधल्या मावलीला मेणबत्तीचा नवस बोलली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मध्ये कोणी न बोलता तिला पाहिजे तेवढं बोलता आलं. तिनं ते करून घेतलं. मी मात्र रात्री जागा राहायचो. सुताराचा हात गेला तर त्याला दुसरं काही करता येईल. माझ्याकडे दुसरं काय होतं?

मग एका संध्याकाळी चंद्रप्रकाश आला. तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर बसला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"सेबा, फोन करणं बंद कर," तो म्हणाला. "हात जोडतो. माझी आई फोन उचलते, तिलाही तू तेच सांगतोस. काल माझ्या सासऱ्याच्या ऑफिसात केलास."

लूर्डस मध्ये आली. "कुठला फोन? आमच्या घरात फोन हाय का? बघ की."

"मग बाहेरून करतो. आवाज मी ओळखत नाही का याचा?"

"त्याला आवाजच नाय रं," ती म्हणाली. "तुझ्याच कामाला गेला आणि मुका होऊन आला. विचार त्याला. बोलतो का बघ."

चंद्रप्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडून दाखवलं आणि मिटलं. त्याला पटलं नाही. तो काही बोलणार होता, तेवढ्यात मागच्या दाराकडून, विहिरीच्या बाजूनं, कोणीतरी खाकरलं. माइकसमोर उभं राहिल्यावर मी खाकरतो तसं. आणि मग माझा आवाज आला.

"चंद्रप्रकाश... आधी माझ्या माणसांचे पैशे. मगे माझो आवाज."

आपला आवाज बाहेरून, अंधारातून, आपल्याकडे येताना कसा लागतो ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप गळ्याकडे जातो. लूर्डसनं कपाळापासून क्रूस काढला आणि भिंतीला टेकली. चंद्रप्रकाश माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिला. आवाज रागावलेला नव्हता. घाईतही नव्हता. गिरणीच्या फाटकावर रोज उभं राहायची सवय असलेल्या माणसाचा होता. थोड्या वेळानं तो पुन्हा आला, या वेळी अधिक जवळून, दाराच्या अगदी पलीकडून. घरात लवंगेचा वास भरला होता.

चंद्रप्रकाश पुढच्या दारानं गेला तो चपला न घालता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः दहिसरला गेला. स्कूटर विकली म्हणतात, सासऱ्याचे पाय धरले म्हणतात. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. बाळा, भीमराज, सुंदराबाई, प्रत्येकाच्या दारात उभं राहून त्यानं पैसे दिले. सगळ्यात शेवटी रुक्मिणीच्या दारात गेला आणि धाकूचेही दिले. तिची खोली राहिली. आजही ती तिथंच राहते, जाऊन बघा. दारात तुळस आहे.

मग शेवटचा लूप राहिला होता. मी रुक्मिणीला निरोप पाठवला आणि आम्ही सगळे त्या थिएटरात जमलो. अंबादासनं कोणाला न विचारता माइक रिकाम्या जागेसमोर लावला आणि मशीन सुरू केली. मी मागं रुक्मिणीशेजारी उभा होतो. पडद्यावर धाकूनं मान पोरीकडे वळवली, कागदावर लिहिलं होतं तसं, आणि माइकसमोरच्या रिकाम्या जागेतून शब्द आले.

"जा पोरी... भरती चढायच्या आत पलीकडं पोच."

एका टेकमध्ये. मी असा कधी बोललेलो नाही. आवाज माझा होता, पण 'पोच' म्हणताना त्यात एक वळण होतं, ते मला आजही जमत नाही. रुक्मिणीनं तोंडाला पदर लावला. "आवाज तुमचो, सेबाभाऊ," ती हळूच म्हणाली. "पण बोलले ते." आणि ती रडली. मीही रडलो, आणि रडताना माझ्या घशातून आवाज निघाला, तेव्हा कळलं की तो परत आला आहे. धाकू शब्दाचा पक्का. काम झाल्यावर परत देतो म्हणाला होता, दिला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलं होतं.

पण काम झालं, हे मी ठरवलं. धाकूचं काय काम आहे ते मी त्याला विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी एका सकाळी उठलो तर तोंडात लवंगेची चव. चहा मागायला तोंड उघडलं तर हवा. दुपारी आवाज आला परत, आपसूक. आठवड्याभरानं कळलं की चारकोपला एका शेडमध्ये पिक्चर करणाऱ्या कोणा निर्मात्यानं सगळ्या लाइटमनचे अडकलेले पैसे एका दिवसात देऊन टाकले. का, ते तो कोणाला सांगत नाही. नंतर मुलुंडला तसंच झालं. मग कुर्ल्याच्या एका माणसाचं. दर वेळी मी अर्धा दिवस मुका. हल्ली लूर्डसला सवय झाली आहे, ती त्या सकाळी शेजारणीला गप्पांना बोलावून घेते. मला तक्रार नाही. आवाज चांगल्या कामाला जातो आणि वेळेवर परत येतो. तुमच्या लाइनीत एवढं कोण पाळतं?

या आठवड्यात मात्र एक नवीन झालं. लूर्डस म्हणते, रात्री मी झोपेत बोललो. तोंड मिटलेलं होतं, तिनं कंदील जवळ धरून बघितलं. तरी आवाज येत होता, माझा, मालवणीत. मी एक नाव घेत होतो. पुन्हा पुन्हा तेच नाव, आणि मग, आधी माझ्या माणसांचे पैशे. तिनं सकाळी मला विचारलं, हा शिवदास कोण? मी म्हटलं, या नावाचा माणूस मला माहीत नाही.

तेव्हा नव्हता माहीत, शिवदासराव. आता कळलं ना, ती आत का गेली ते?

उठू नका. तुमच्या विचारण्याचं उत्तर माझ्याकडून हो असं आहे, मी तुमच्यासाठी बोलेन, आणि माझे पैसे सगळ्यात शेवटी दिलेत तरी चालतील. पण त्या आनंदानं थांबलेल्या माणसांबद्दल... एक मिनिट. लूर्डस, आज आमटीत लवंग घातलीस का गं?

नाही म्हणते. घरात लवंग आम्ही ठेवतच नाही.

मग बसा तुम्ही. खुर्ची दारापासून थोडी लांब घ्या. मला वाटतं, पुढचं जे आहे ते मी बोलणार नाही... धाकूला बोलायचंय... तुमच्याशी...